फाट्याचे मालक

शमुवेलनाना कुठलीही वस्तू बघून पहिला प्रश्न विचारतात, "हे कुणाच्या नावावर हाय?" आमच्या ग्रामपंचायतीतल्या पंख्याबद्दल त्यांनी हे विचारलंय, भिंतीवरच्या पालीबद्दलही. नाना पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे ठरवण्यात सगळी नोकरी गेली. मी ग्रामसेविका, त्यामुळे आता सगळे प्रश्न माझ्या टेबलावर.

कार्यालयासमोर फाटा आहे. तीन रस्ते, तीन खात्यांचे. ते जिथे मिळतात तो तुकडा मात्र कुणाचाच नाही. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तिथे वेग कमी न करता वळायचे. नानांच्या बायकोला, रूथमावशींना, ऐकू येत नाही आणि त्यांच्या शेळ्यांचा गोठा रस्त्यापलीकडे. एकदा एक ट्रॉली त्यांच्या पदराला घासून गेली. तेव्हापासून नाना त्यांना हाताला धरून पलीकडे नेऊ लागले.

"ओढू नका, मी शेळी हाय का?" मावशी भर रस्त्यात ओरडत.

गतिरोधकासाठी नानांनी तिन्ही खात्यांना अर्ज केले. तिघांचं उत्तर एकच: सदर जागा आमच्या अखत्यारीत येत नाही.

मग नानांनी चौथा अर्ज आणला. "कुणाचीच न्हाई ना? मंग माझ्या नावावर करा. मधोमध लिंबाचं झाड लावतो."

"नाना, सरकारी कागदावर थट्टा नको."

"थट्टा त्यांनी केली, मॅडम. तुमी शिक्का मारा."

मी मारला आणि हरकती मागवायला अर्ज तिन्ही खात्यांकडे पाठवला. महिन्याभरात तिन्ही खात्यांच्या हरकती आल्या. सदर जागा आमच्याच मालकीची आहे, असं तिघांनीही सहीनिशी कळवलं. ती पत्रं पुढे ठेवून ग्रामसभेनं तिघांना एकाच दिवशी फाट्यावर उभं केलं. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत तिन्ही बाजूंना गतिरोधक झाले.

गेल्या आठवड्यात नाना येऊन बसले. खिडकीतून मावशी दिसत होत्या. त्यांनी दोन्हीकडे बघितलं, ट्रॅक्टर थांबला, त्या सावकाश पलीकडे गेल्या.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" मी म्हटलं.

"व्हय. आता एकलीच जाती. म्हनती, तुमी कशाला येता उन्हाचं." नाना फाट्याकडे बघत होते. "लगीन झाल्यापासून चारचौघांत हात कधी धरला न्हवता, मॅडम. त्यो ह्या फाट्यामुळं धरला."

मी फाईल ओढली. वर न बघता विचारलं, "चाऱ्याचा भारा मावशींना एकटीला झेपतो का?"

नाना उठले. मग "न्हाई झेपत," म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.