नऊ मिलिमीटर

नीलकंठ राजवाडे हे मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेत उपव्यवस्थापक होते. फुनाबोरीतल्या बारा मजली इमारतीत पत्नी चारुता आणि मुलगी नुपूर यांच्यासह ते राहत. त्यांच्याकडे एक एसयूव्ही होती आणि तिच्याकडे ठरलेलं असं एकच काम होतं: दर रविवारी निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून कोथिंबीर आणि कढीपत्ता आणणे. या रस्त्यावर चार वर्षांत त्यांना एकही खड्डा लागला नव्हता. एकदा गटाराचं झाकण बोटभर वर आलं होतं, तेव्हा तिथे दिलगिरीचा फलक लागला आणि दुसऱ्या सकाळी झाकण रस्त्याला टेकलं.

अशा शांत आयुष्यात ओसाकाच्या सदानंदने मराठी मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकला. गाडी उचललेली, टायर दांडगे आणि खाली ओळ, ‘डोंगर बोलावतायत.’ सदानंदला इमारतीच्या लिफ्टमध्येसुद्धा गरगरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी नीलकंठांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

“मोठे टायर बसवायचे तर गाडी थोडी उचलावी लागते,” ते चारुताला म्हणाले.

“आणि मोठे टायर कशाला हवेत?”

“उचललेल्या गाडीला लहान टायर बरे दिसत नाहीत.”

यावर चारुता काही बोलली नाही. नीलकंठांनी तिचं मौन मंजुरी म्हणून नोंदवलं.

गॅरेजमध्ये मित्सुहाशी नावाच्या वयस्क मेकॅनिकने फॉर्म पुढे केला. वापराचं प्रयोजन: जंगल, बर्फ, खडक, नदी. कोथिंबिरीसाठी चौकोन नव्हता. वाटेत शिनकावा लागते आणि तिच्यावर चांगला रुंद पूल आहे, म्हणून नीलकंठांनी ‘नदी’वर खूण केली. मित्सुहाशी-सानांनी समजावलं की एकूण उंची चाळीस मिलिमीटरच्या आत वाढली, तर गाडीची नव्याने सरकारी तपासणी लागत नाही. त्यांनी स्प्रिंगा बदलून सव्वीस मिलिमीटर मिळवले आणि टायरांतून तेरा. कायदा एक मिलिमीटर राखून पाळला गेला.

पण इमारतीचं पार्किंग यांत्रिक होतं. गाडी लोखंडी पाळण्यात ठेवायची, पाळणा वर जातो. उंचीची मर्यादा दोन हजार मिलिमीटर. राजवाड्यांची गाडी आता दोन हजार नऊ भरत होती. व्यवस्थापक ओगुरा-सान यांनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा कमरेत वाकून नमस्कार केला.

“माफ करा, राजवाडे-सान. आमची इमारत आपल्या गाडीला कमी पडते.”

“नऊ मिलिमीटर म्हणजे किती, ओगुरा-सान? माझ्या करंगळीचं नख.”

ओगुरा-सानांनी नख लक्षपूर्वक पाहिलं. “छान आहे. पण यंत्राला फक्त उंची दिसते.”

पार्किंग नाही तर जागेचा दाखला नाही, आणि जागेच्या दाखल्याशिवाय गाडी बाळगता येत नाही. आसपासच्या पार्किंगांना चार-चार वर्षांची प्रतीक्षायादी होती. नुपूरने पुस्तकातून डोकं वर न काढता जपानीत सांगितलं, “मुरी.” म्हणजे अशक्य.

“जरा हवा कमी करा,” चारुता म्हणाली.

ती टायरांबद्दल बोलत नव्हती. पण नीलकंठांना मार्ग सापडला.

हवा काढली की गाडी एक हजार नऊशे नव्याण्णववर येई. ओगुरा-सानांनी यासाठी ‘वायू-न्यूनीकरण नोंदपत्रक’ तयार केलं: चाकनिहाय रकाने, शिक्का, सही. आत जाताना हवा काढायची, बाहेर आल्यावर पंपाने भरायची. रविवारी नीलकंठांचं तिसरं चाक भरून होईपर्यंत चारुता सायकलवरून कोथिंबीर आणून चटणी वाटायला बसलेली असे.

ऑगस्ट आला. उकाड्याने टायरांतली हवा फुगली आणि पाळण्यात बसल्या जागी गाडी दोन मिलिमीटर वाढली. यंत्राने शिट्टी वाजवली आणि सगळं पार्किंग तीस गाड्यांसह थांबलं.

खाली एकोणतीस कुटुंबं जमली. कोणी आवाज चढवला नाही. शिवी आली असती तर मुंबईकर नीलकंठांना परत करता आली असती, पण प्रत्येकजण येऊन त्यांचीच माफी मागू लागला. काळ्या सुटातले एक गृहस्थ मुलीच्या लग्नाला निघाले होते. “मुलीने उन्हाळ्यातला मुहूर्त धरला, क्षमा असावी,” म्हणत ते स्टेशनाकडे पळाले. नीलकंठ पाठमोऱ्या माणसापुढे वाकले, ते बराच वेळ सरळ झाले नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या स्प्रिंगा आणि जुने टायर परत बसवले. मिठाईचे खोके घेऊन एकोणतीस दारांशी गेले. मग ग्रुपवर सगळी हकिकत लिहिली, काही न लपवता. शेवटी लिहिलं, ‘कृपया कोणी या फंदात पडू नये.’

लोक खूप हसले. हसून झाल्यावर कोबेच्या श्रीहरीने विचारलं, ‘बाकी ठीक, पण टायरचा साइझ कोणता होता?’ त्याखाली बासष्ट जणांनी लिहिलं, ‘मलाही पाठवा.’

आपण त्यांतले नाही, हे उघडच आहे. आपण फक्त गंमत म्हणून वाचत आहात. तेव्हा नुसतं माहितीखातर: दोनशे पंचेचाळीस, पासष्ट, सतरा.

लिहून घेतलंत ना?