लुक आफ्टर आणि एका बाहीचा कोट

नातवाचा पहिला दात पडला त्या वर्षी काकू इंग्रजी शिकायला लागल्या. दात पडल्याची बातमी नातवानं फोनच्या पडद्यावरून स्वतःच दिली होती, पण ती पडली इंग्रजीत. त्याच्या तोंडातलं खिंडार बघून काकूंना वाटलं, पोर पडलं कुठंतरी. त्या रडायला लागल्या. आजी रडतेय म्हटल्यावर तो घाबरून पळाला. तेव्हापासून दर रविवारी परदेशातून लेकीचा फोन आला, की नातू "हॅलो ग्रँडमा" म्हणायचा आणि दुसऱ्या क्षणी पसार व्हायचा.

"मला त्याच्याशी बोलायचंय," काकू म्हणाल्या. "बसून. दोन गोष्टी त्यानं सांगाव्यात, दोन मी."

"या वयात इंग्रजी?" मास्तर म्हणाले.

"मग कुठल्या वयात? आधीच्या वयात तुमची काजं करत होते."

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. कपडे शिवायचे म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. ते कापायचे आणि शिवायचे, काकू काजं करायच्या आणि बटणं लावायच्या. संसार आणि दुकान एकाच खोलीत, मध्ये फक्त एक पडदा. धंद्यात दोघांचा नेम एकच होता: अंगावर माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. "अंदाजानं शिवून टाका हो," असं कुणी म्हणालं, की मास्तर विचारात पडायचे आणि काकू कापडाची घडी करून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायच्या. या बाबतीत आपली बायको आपल्याहून पक्की आहे, हे मास्तर मनातल्या मनात मान्य करायचे. मोठ्यानं म्हणायचं मात्र राहून गेलं होतं.

क्लास वाचनालयाच्या माडीवर भरायचा. एका संध्याकाळी क्लासच्या बाईंनी फळ्यावर 'लुक आफ्टर' लिहिलं.

"सांभाळणं, काळजी घेणं. रोजच्या बोलण्यात फार लागतं बरं का. मूल सांभाळा, म्हातारं माणूस सांभाळा, झाडं सांभाळा, दुकान सांभाळा, सगळीकडे हेच. आता हे वाक्य बघा. आय लुक आफ्टर माय नेबर्स डॉग. मी शेजाऱ्यांचा कुत्रा सांभाळते. काकू, म्हणा बरं."

"पण मी नाही सांभाळत," काकू म्हणाल्या.

"अहो, उदाहरण आहे ते."

"असेल. पण मापाशिवाय कसं म्हणू?"

वर्ग हसला. काकू हसल्या नाहीत. घरी येताना त्या शेजारच्या नर्सबाईंकडे गेल्या आणि त्यांचा कुत्रा दिवसभरासाठी मागून आल्या. नर्सबाईंची दिवसपाळी होती, कुत्रा एकटा घरात सोफा खात बसायचा. त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"आय लुक आफ्टर माय नेबर्स डॉग," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या. वाक्य खरं होतं. कुत्रा त्या वेळी मास्तरांची मोजपट्टी चावत होता.

मग गोष्ट वाढत गेली. झाडांचं वाक्य करायचं म्हणून काकूंनी समोरच्या बिऱ्हाडाच्या कुंड्या आणल्या. ते लोक गावाला निघालेच होते, त्यांनी पोपटाचा पिंजराही देऊन टाकला. काकू सगळं सांभाळतात, तेही फुकट, ही बातमी गल्लीभर झाली. शिवणयंत्राच्या एका बाजूला कुंड्या, डोक्यावर पोपट, पायाशी कुत्रा. मास्तर पाय मारायला गेले की कुत्रा गुरगुरायचा, आणि कुत्रा गुरगुरला की पोपट नर्सबाईंच्या आवाजात त्याला रागवायचा. तो पठ्ठ्या तिसऱ्याच दिवशी ते शिकला होता.

पण काकूंचं इंग्रजी खरंच सुधारत होतं. प्रत्येक वाक्याला त्या पाणी घालत होत्या, दाणे घालत होत्या, फिरवून आणत होत्या. विसरायची सोयच नव्हती. वर्गातले बाकीचे लोक वाक्यं पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरायचे. मास्तर पडद्याआडून ऐकायचे आणि त्यांची छाती फुगायची. फक्त एक गोष्ट त्यांना खुपत होती.

"अगं, कुत्र्यावर झालं, पोपटावर झालं. माझ्यावर नाही केलंस एखादं?"

"तुमच्यावर कशाला? तुम्हाला सांभाळतेच आहे इतकी वर्षं. त्यात नवीन काय शिकायचंय?"

मास्तर पुन्हा यंत्राकडे वळले.

राहिलं होतं म्हाताऱ्या माणसाचं वाक्य. रविवारी सकाळी कोपऱ्यावरचा सलूनवाला स्वतःच आला. त्याला एका लग्नासाठी बाहेरगावी जायचं होतं. सोबत त्याचे वडील होते. जन्मभर वस्तरा चालवलेला माणूस. पण हात थोडा थरथरतो म्हणून मुलानं त्यांना दुकानात पाऊल ठेवायची बंदी केली होती.

"संध्याकाळपर्यंत बघाल का काकू? काही त्रास नाही त्यांचा."

"आणा, आणा! त्यांचीच वाट बघत होते," काकू म्हणाल्या. आजोबांना एवढं अगत्य बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. ते खूश झाले.

त्या दिवशी मास्तर बँकेतल्या साहेबांचा कोट करत होते. सोमवारी साहेबांचा निरोपसमारंभ होता आणि रविवारी संध्याकाळी ते अंगावर घालून बघायला येणार होते. कच्च्या टाक्यांनी जोडलेला कोट खुंटीवर टांगला होता. डावी बाही लागली होती, उजवी लागायची होती. दुपारी मास्तरांचा जरा डोळा लागला. काकू कुत्र्याला फिरवून आल्या, तर खुर्ची रिकामी, खुंटी रिकामी.

"अहो! आजोबा कुठं गेले?"

"कोट कुठं गेला?" मास्तर ओरडले.

"तुम्हाला कोटाचं पडलंय! माणूस हरवलाय माझ्याकडून. आता कुठल्या तोंडानं म्हणू मी सांभाळते म्हणून? आणि फोन यायची वेळ झाली!"

काकूंचे डोळे भरून आलेले बघितल्यावर मास्तरांनी वाद घातला नाही. फोन खिशात टाकला, उरलेली बाही उचलली आणि कुत्र्याच्या नाकाला लावली. कुत्र्यानं ती नीट हुंगली, विचार केला आणि मास्तरांच्याच पायावर येऊन बसला. बाहीला वास त्यांचाच होता.

"हुशार आहे," मास्तर म्हणाले. "चल, आपणच बघू."

गल्लीच्या टोकाला पोचल्यावर काकू थबकल्या. सलूनवाला बाहेरगावी, आणि सलूनचं शटर वर! दोघं धावत आत शिरले, मागोमाग कुत्रा.

आत आजोबा दाढी करत होते. गिऱ्हाइकाची. अंगात बँकेच्या साहेबांचा कोट, डावा हात बाहीत, उजवा हात मोकळा, आणि त्या मोकळ्या हातात वस्तरा. हात अजिबात थरथरत नव्हता.

"या मास्तर!" आजोबा आरशातून म्हणाले. "झकास शिवलाय कोट. वस्तऱ्याचा हात बरोब्बर मोकळा ठेवलात. असं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं माझं. थंडी वाजत होती, घातला. किल्ली माझ्या कमरेला असतेच. म्हटलं, सगळे मला सांभाळतायत, आपण जरा दुकान सांभाळावं."

"मास्तर," खुर्चीतला फेस बोलला, "हा कोट ओळखीचा वाटतोय."

खुर्चीत बँकेचे साहेब होते. कोट घालून बघण्याआधी दाढी करून जावं म्हणून आलेले. ते संतापले होते की काय ते फेसामुळे कळत नव्हतं, आणि वस्तरा गळ्याशी असल्यामुळे त्यांना सांगताही येत नव्हतं.

"साहेब, हलू नका," आजोबांनी दटावलं.

तेवढ्यात मास्तरांचा खिसा वाजू लागला. काकूंनी डोळे पुसले आणि फोन धरला. पडद्यावर नातू आला. "हॅलो ग्रँडमा," म्हणाला आणि पळायला वळला. वळता वळता त्याला आरशात दिसलं: एका बाहीचा कोट, फेसाचा माणूस, कोटाच्या शेपटाला लटकलेला कुत्रा. तो थांबला.

"हू इज दॅट?" त्यानं विचारलं.

काकूंनी श्वास घेतला. "आय लुक आफ्टर धिस ओल्ड मॅन," त्या म्हणाल्या. "ही लुक्स आफ्टर द शॉप. अँड आय लुक आफ्टर माय नेबर्स डॉग." मग पोपट. मग कुंड्या. एकही वाक्य अडखळलं नाही. नातू मांडी घालून बसला. त्यानं कुत्र्याचं नाव विचारलं, साहेबांना दात किती आहेत विचारलं. साहेबांनी मोजून सांगितलं. ते हसतच होते, हे आता फेस उतरल्यावर दिसत होतं. एवढी गुळगुळीत दाढी आपली लग्नाच्या दिवशीही झाली नव्हती, असं ते पुढे समारंभातसुद्धा म्हणाले.

शेवटी नातवानं विचारलं, "ग्रँडमा, हू लुक्स आफ्टर यू?"

हा प्रश्न क्लासमध्ये झाला नव्हता. काकूंनी इकडं तिकडं पाहिलं. मास्तर सुईत दोरा ओवून, हातात बाही घेऊन, आजोबांच्या अंगावरच ती जोडायच्या बेतात उभे होते. काकूंनी फोन त्यांच्याकडे वळवला.

"ग्रँडपा लुक्स आफ्टर मी."

फोन ठेवल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "अगं, हे खोटं सांगितलंस की. मला साधा चहा येत नाही."

"माहितीये."

"मग? मापाशिवाय?"

"कुत्रा आधी आणला आणि वाक्य नंतर केलं," काकू म्हणाल्या. "हे एक आधी केलंय. आता तुम्ही ते मापाला आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी चहा केला. तो कुत्र्यानंही प्यायला नाही. काकूंनी सगळा प्यायला. पुढं मास्तर वरणभात शिकले, काकूंची वेणी घालायला शिकले, त्यांचे गुडघे गेल्यावर त्यांना उचलून खिडकीशी बसवायला शिकले. दर रविवारी नातू विचारायचा आणि काकू तेच उत्तर द्यायच्या.

नातवाला मिसरूड फुटलं त्या वर्षी, थंडी संपता संपता, एका सकाळी चहा झाल्यावर काकू गेल्या. वाक्य तोवर अंगाला अगदी बरोबर बसलं होतं.