न धुतलेला स्वेटर

सोळा वर्षं मी यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात पाठवणी बघतो. आणि छातीवर हात ठेवून सांगतो, या सोळा वर्षांत माझ्या हातून एकही खोका चुकीच्या पत्त्यावर गेलेला नाही! एकही नाही! त्यामुळे पाचशे किलोमीटरवरून कुत्र्याचं पिल्लू घरी आणायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो की हे काम माझ्यावर सोड आणि तू फक्त बघत राहा. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून तेच करतेय.

पिल्लू हवं होतं आमच्या लेकीसाठी. माझी बदली होऊन आम्ही या गावात आलो, त्याला चार महिने झाले होते. लेक आठ वर्षांची. जुन्या शाळेत तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं, आणि इथे मात्र ती एक अक्षर बोलेना. हजेरीला हात वर करायची, डबा एकटीने खायची, घरी यायची. वर्गाच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, की मुलगी हुशार आहे, पण तिचा आवाज कसा आहे हे मला अजून ठाऊक नाही. घरीसुद्धा ती हळूहळू गप्प होत चालली होती. आज मी हे हसत सांगतोय, पण तेव्हा त्या शांत घराची मला भीती वाटायची. एकदा तिला जवळ घेऊन विचारलं, की तुला इथे काय मिळालं तर बरं वाटेल?

"कुत्रा," ती म्हणाली. "आपण नवीन आहोत हे त्याला कळणार नाही."

झालं! मी शोध सुरू केला. बायकोच्या अटी होत्या: फार मोठं नको, फार भुंकणारं नको, आणि लहान मुलांना जीव लावणारं हवं. असं पिल्लू सापडलं ते थेट पाचशे किलोमीटरवर, एका निवृत्त नर्सबाईंकडे. या बाईंचं घर म्हणजे पिल्लांचं माहेर, आणि त्या सहजासहजी पाठवणी करत नसत. फोनवर त्यांनी मला तासभर फैलावर घेतलं. घरात किती माणसं, जिना किती पायऱ्यांचा, तुम्ही चिडता का, चिडलात तर आवाज चढतो का. माझ्या सासऱ्यांनी मुलगी देताना याच्या निम्मे प्रश्न विचारले होते! शेवटी बाई म्हणाल्या, की पिल्लू ज्याचं होणार त्याचा अंगात घातलेला, न धुतलेला एक कपडा आत्ताच पाठवून द्या. पंधरा दिवस पिल्लू त्यावर झोपेल, आणि घरी आल्यावर ते माणूस त्याला आपलं वाटेल.

आता कपडा कुठला पाठवायचा? बायको चांगला कपडा चावायला द्यायला तयार नव्हती. तेवढ्यात मला आठवलं, की लेकीचा शाळेचा स्वेटर आठवड्यापूर्वीच शाळेत हरवला होता आणि तिला नवा घेऊनही झाला होता. तो जुना सापडला तर एका दगडात दोन पक्षी! दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेलो. शिपाईमामांनी हरवलेल्या वस्तूंची पेटी उघडली. आत वीस-पंचवीस स्वेटर, सगळे गडद निळे, सगळे एकाच घाण्यातून काढल्यासारखे. दुसरा कोणी असता तर गांगरला असता. मला मात्र पक्कं माहीत होतं, की आमच्या स्वेटरचं वरून दुसरं बटण तुटलेलं आहे, कारण ते लावायचं काम दोन महिने माझ्याकडेच होतं. मिनिटभरात स्वेटर हातात! शिपाईमामा म्हणाले, एकदा मुलीला दाखवून घ्या. मी हसलो. म्हणालो, "मामा, माल ओळखणं हाच माझा धंदा आहे."

तिथून तडक गोदामात गेलो, पाकीट बांधलं, पत्त्याची चिठ्ठी चिकटवली आणि स्वेटर रवाना केला. लेकीला दाखवला नाही. कशाला दाखवायचा?

पंधरा दिवसांनी मी गाडी घेऊन निघालो. सोबत मी स्वतः प्लायवूडचा खोका केला होता. हवेला भोकं, आत गोधडी, आणि बाहेर सवयीने चिठ्ठ्या: 'नाजूक', 'ही बाजू वर', 'उघडू नये'. नर्सबाईंनी त्या खोक्याकडे असं पाहिलं, जणू मी रुग्णाला पोत्यातून न्यायला आलोय. पण मग आतल्या खोलीतून ते पिल्लू आलं. तपकिरी, वाटीएवढ्या डोक्याचं, आणि तोंडात तो निळा स्वेटर. बाही ओढत, अडखळत, पुन्हा ओढत. बाई म्हणाल्या, की हा स्वेटर घेतला तर रडतो, इतका जीव जडलाय. माझा ऊर भरून आला. म्हटलं, माझ्या पोरीला न बघताच कोणीतरी आपलं म्हटलं.

खोका मात्र चारच किलोमीटर टिकला. पिल्लाने असा गळा काढला, की मला वाटलं मीच कसाई आहे. मी गाडी अगदी हळू चालवत त्याला समजावू लागलो, आणि गाडी इतकी हळू झाली की वाहतूक पोलिसाने हात दाखवला.

"मागे कोण रडतंय?" त्याने विचारलं.

मी काही बोलायच्या आत त्याला खोका दिसला. खोक्यातून विव्हळणं, वर लिहिलेलं 'उघडू नये'. मला गाडीतून उतरायला सांगण्यात आलं. कागद दाखवले, नर्सबाईंची पावती दाखवली, त्याचं समाधान होईना. शेवटी मी बाईंना फोन लावून त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ नुसतं हं हं करत होता. फोन परत देताना म्हणाला, "त्या म्हणतात, माणूस बावळट आहे पण भला आहे." मग त्यानेच खोका उघडला, पिल्लू स्वेटरासकट पुढच्या सीटवर ठेवलं आणि मला सांगितलं की याच्याशी बोलत बोलत जा. मी उरलेली वाट बोलत गेलो. पिल्लाने दोनदा ओकारी काढली, दोन्ही वेळा माझ्या मांडीवर. स्वेटर त्याने सांभाळला.

घराशी पोचलो तेव्हा लेक पायरीवर बसली होती. बायको म्हणाली, दुपारपासून तिथेच आहे, वेणी दोनदा घालून घेतलीय. मी गाडीचं दार उघडलं. पिल्लू स्वेटर ओढत उतरलं, तो तिथेच टाकून तिच्यापर्यंत गेलं, तिचा हात हुंगला, गुडघा हुंगला. आणि वळून परत आलं, स्वेटरावर बसलं आणि रस्त्याकडे बघत राहिलं.

लेकीने खाली वाकून स्वेटरचा खिसा उलटा केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, हा माझा नाही. माझ्या खिशात शाईचा डाग होता."

सोळा वर्षांत पहिल्यांदा माल चुकीच्या पत्त्यावर गेला होता, आणि तो नेमका हा! मी काहीबाही बोललो, सवय होईल, लहान आहे तो. ती मान डोलावत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "त्याला पण दुसरंच कोणीतरी हवंय." आणि आत निघून गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण बायकोला त्या संध्याकाळी तीनदा आठवली, आणि तीनही वेळा मी मान खाली घालून ऐकली.

नर्सबाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, पिल्लू शिकेल, मुलीला मात्र हात आखडता घेऊ देऊ नका. पण दोन दिवस लेक त्याच्या वाटीत दूध ओतून लांब बसायची, आणि पिल्लू स्वेटर ओढत दाराशी जाऊन बसायचं. एकाच खोलीत दोघं दोन टोकांना. मला ते बघवेना.

सोमवारी बायकोने फर्मान काढलं, की आधी तो स्वेटर जिथून उचलला तिथे परत करा, कोणाच्या तरी लेकरावर घरी ओरडा पडला असेल. पण पिल्लू स्वेटर सोडेना. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ते, आणि मधे बाही लांबत चाललेली. शेवटी सगळी वरात निघाली: मी, लेक, दोरीला पिल्लू आणि पिल्लाच्या तोंडात स्वेटर.

शाळेच्या फाटकाशी पोरांचा घोळका होता. अचानक पिल्लाने नाक वर केलं, स्वेटर टाकला आणि माझ्या हातून दोरी हिसकावली! घोळक्यातून वाट काढत ते एका मुलीच्या अंगावर जाऊन आदळलं. ती लेकीच्याच वर्गातली, दोन घट्ट वेण्यांची, अंगात कोणा मोठ्या भावंडाचा गुडघ्यापर्यंत आलेला स्वेटर. पिल्लाची नुसती शेपटी नाही, मागचा अर्धा देह हलत होता. ती मुलगी खाली बसून हसत सुटली.

लेक जागच्या जागी उभी. तिची हनुवटी थरथरायला लागली होती. वाटलं, आता ही रडणार, आणि उद्यापासून शाळेत यायचंच नाही म्हणणार. मी पुढे होणार, तोच तिने जमिनीवरचा स्वेटर उचलला, माती झटकली आणि सरळ त्या मुलीसमोर जाऊन उभी राहिली. चार महिन्यांत त्या शाळेतल्या कुणाशीही बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य:

"माझ्या बाबांनी तुझा स्वेटर चोरला."

ती मुलगी वर बघत म्हणाली, "का?"

आणि लेक सांगायला लागली! पेटी, बटण, नर्सबाई, पोलीस, ओकारी, सगळं, हातवारे करून. घंटा झाली, तरी ती सांगतच होती. पोरांचं कोंडाळं जमलं. मधेच पिल्लू तिच्या पायावर बसलं, आणि बोलता बोलता तिचा हात त्याच्या डोक्यावर गेला. मी फाटकाला धरून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पिल्लाच्या केसांमुळे, असं मी शिपाईमामांना सांगितलं.

आता ती वेण्यांची मुलगी रोज संध्याकाळी आमच्याकडे असते. पहिले काही दिवस पिल्लू तिच्यासाठी दाराशी बसायचं. आता ते लेकीच्या बरोबरीने दाराशी बसतं. झोपतं लेकीच्या पलंगाखाली, तिच्या पालथ्या चपलेवर.

गेल्या आठवड्यात वर्गाच्या बाईंनी मला पुन्हा बोलावलं. मी आभार स्वीकारायच्या तयारीनेच गेलो. बाई म्हणाल्या, मुलगी फार बोलते, तिला जरा आवरा. मी खूश! मग त्या थोड्या अवघडल्या. म्हणाल्या, की हल्ली शाळेत कुणाचं काहीही हरवलं, डबा, पट्टी, पायमोजा, की सगळी मुलं एकच सांगतात: हिच्या बाबांना विचारा.

"म्हणून विचारते, राग मानू नका," बाई म्हणाल्या. "माझी छत्री तुमच्याकडे आहे का हो? काळी, लाकडी मुठीची."

मी ताठ मानेने नाही म्हणालो. मग बाहेर आलो, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीची डिकी एकदा उघडून बघितली.