केवड्याच्या अंमलाची हकीकत

॥ श्री अग्निनारायण प्रसन्न ॥ चुलीपुढे बसणाऱ्या थोरलहान मंडळीस दंडवत करोन, शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सरी घडले वर्तमान सांगतो, चित्त देऊन ऐकावे. एक थोर नगर होते आणि तेथे गॅस कंपनीचे राज्य होते. मूळ पुरुषांनी मुलूख खणून भुईखाली नळ घातले, पेठेमागून पेठ सर केली, आणि सिलिंडरांचा अंमल उठवून घरोघर निळ्या ज्योतीचे निशाण लाविले. मग गादीवर श्रीमंत मुरारराव आले. त्यांचे पदरी हैबतराव भोईटे हे नळांचे दारोगा होते. दुचाकीवर स्वार व्हावे, कमरेस चाव्यांचा जुडगा, मागे साबणाच्या पाण्याची बादली. वासाची खबर येईल तेथे पाणी ओतावे, बुडबुडा उठला की गळती धरावी आणि चावी फिरवावी. बावीस वर्षांत त्यांनी एक घर जळू दिले नाही, आणि याचा त्यांस मोठा ताठा होता.

तो एके दिवशी मुराररावांचे घरी नवे व्याही जेवावयास आले. शेगडी पेटविता गॅसाचा नेहमीचा वास सुटला, आणि विहीण सगुणाबाई नाकास पदर लावून पानावरून उठल्या. बोलिल्या, "सडक्या अंड्यांच्या घरात लेक दिली की काय आम्ही!" मुराररावांचे तोंड उतरले. दुसरे दिवशी हुकूम सुटला की, गॅसात वासाचे औषध घालणे बंद, त्या जागी उत्तम केवड्याचे अत्तर घालावे. दरबारी मंडळींनी माना डोलाविल्या. हैबतराव मात्र पुढे होऊन बोलिले, "सरकार, गॅसास स्वतःचा वास नाही. घाण वास आपण मुद्दाम घालितो, तो लोकांस पळा म्हणून सांगतो. केवडा आला तर पळेल कोण? उलट जवळ येतील." मुरारराव उत्तरले, "दारोगा, नाक तुमचे, कंपनी आमची. पुन्हा बोललात तर चाव्या ठेवून घरी जावे." हैबतरावांस बहुत वाईट वाटले. परंतु आपण गेलो तर गळतीवर धावणार कोण, ऐसे मनी आणोन मुजरा करून फिरले.

मग महिनाभर नगर घमघमले. पुढे कुंभारवेशीपाशी रस्ता खोदणारांची कुदळ नळास लागली, ते वर माती लोटून मोकळे जाहले, आणि भुईतून केवडा दरवळू लागला. सुगंधाची तक्रार कोण करितो? लोक जमले, दगडास शेंदूर लागला, स्थान जागृत ठरले, आणि पहिल्या आरतीस खासे मुरारराव विहीणबाईंस घेऊन आले. घरी रोज तोच वास, त्यामुळे आपलेच अत्तर त्यांस ओळखू आले नाही. हैबतरावांस मात्र दोन गल्ल्या अलीकडेच वास लागला. दुचाकी फेकून गर्दीत घुसले, तो सगुणाबाईंचे हाती पंचारती आणि मुराररावांचे हाती आगपेटी. "थांबा, थांबा!" म्हणोन ओरडले, परंतु घंटांपुढे ऐकतो कोण! मग अर्धी बादली भुईवर ओतली, भराभर बुडबुडे उठले, आणि लोकांनी, "देव बोलला, देव बोलला!" म्हणोन हात जोडले. मुराररावांनी काडी काढिली. तेव्हा हैबतरावांनी उरली अर्धी बादली पंचारतीवर, आगपेटीवर आणि साक्षात धन्याचे डोकीवर रिकामी केली.

"धरा त्यास!" ऐसा गलका जाहला. हैबतराव मागे न पाहता कडेच्या नळाच्या खड्ड्याचे झाकण उचलून चावी फिरविते जाहले. बुडबुडे मंदावले, मग थांबले. सुगंधही विरला. हैबतरावांनी जुडगा सोडून मुराररावांचे पायापाशी ठेविला आणि बोलिले, "सरकार, देव या चावीत होता. येतो मी."

मुरारराव फेसाने निथळत उभे. सगुणाबाई बोलिल्या, "व्याही, लेकीच्या ओट्यावर पण हाच केवडा येतो का हो?" मुराररावांनी "येतो" म्हणोन कबुली दिली. "मग तो सडका वास आजच्या आज परत आणा. नाहीतर लेक घेऊन जाते मी." तेव्हा मुराररावांनी वाकून जुडगा उचलिला आणि आपले हाते हैबतरावांचे कमरेस बांधिला.

येणेप्रमाणे केवड्याचा अंमल उठला, दुर्गंधी गादीवर बसली आणि नगर सुखरूप राहिले. पुढे सणास व्याही पुन्हा जेवावयास आले. शेगडी पेटली, सगुणाबाईंनी पदर खाली ठेवून दीर्घ श्वास घेतला आणि बोलिल्या, "आला गं बाई वास. वाढा आता पानं."