आमोनीच्या नजरेसाठी एक चूक

मथायस किग्गुंडूने आयुष्यातली पहिली मुद्दाम चूक सोमवारी सकाळी शाळेच्या शिक्षकखोलीत केली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘पेक्षा कमी’चं चिन्ह टाकायचं म्हणजे काही लहानसहान पाप नव्हे.

चूक ‘एन्कुबा’त होती. एन्कुबा म्हणजे तिथल्या भाषेत पाऊस. किग्गुंडूच्या मसाका भागात ज्या ज्या अंगणात ताडपत्रीवर कॉफी वाळत घालतात, त्या त्या घरच्या फोनवर या नावाचं अ‍ॅप असायचं. हवेतली ओल सत्तर टक्क्यांपुढे गेली की ते ओरडायचं, ‘पाऊस येतोय, ताडपत्री गुंडाळा!’ आणि ओल उतरली की म्हणायचं, ‘खुशाल पसरा.’ ते कुठल्या कंपनीचं नव्हतं. देशभर विखुरलेले पाच जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते फुकटात लिहीत, आणि त्याचा कोड कुणीही उघडून पाहावा असा मोकळा होता. एकाने बदल सुचवायचा, इतर दोघांनी तो वाचून खाली अंगठा द्यायचा, की तो आपोआप सगळ्यांच्या फोनवर पोचायचा. ‘वाचून’ असं नियमात स्पष्ट लिहिलं होतं. प्रत्यक्षात सगळे अंगठेबहाद्दर. पाचांपैकी सोरोटीचा ओपोलोट आठ-पंधरा दिवसांनी जागा व्हायचा आणि बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, मागे बसल्या बसल्या साचलेल्या सगळ्या बदलांना अंगठे देऊन मोकळा व्हायचा.

वाचायची ती एकटी आमोनी. ती राहायची पार उत्तरेला, लिरामध्ये. चार वर्षांत किग्गुंडूने तिला पाहिलं नव्हतं, तिचा आवाजही ऐकला नव्हता. पण तिचे शेरे त्याला तोंडपाठ होते. ‘ही ओळ कशासाठी?’ ‘या नावावरून मला काहीच कळलं नाही.’ ‘मास्तर, पोरांनाही असंच शिकवतोस का?’ एकदा त्याच्या चाळीस ओळींवर तिने त्रेपन्न शेरे मारले होते, आणि तो दिवसभर वर्गात स्वतःशीच हसत होता.

सात महिन्यांपूर्वी ते शेरे थांबले. भांडण नाही, निरोप नाही. त्याने दोनदा ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं. उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा विचारायची त्याला लाज वाटली. आता त्याचं लिखाण बिनबोभाट पास व्हायचं आणि त्यात त्याला काडीचा आनंद नव्हता. आपलं लिहिलेलं इतक्या मन लावून वाचणारं जगात दुसरं कुणी नाही, आणि तिच्या एका शेऱ्यासाठी आपण झुरतोय, हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं.

म्हणून ही चूक. चूक दिसली की आमोनी गप्प बसायची नाही. दोन दिवस वाट पाहायची, नाहीच काही आलं तर बुधवारी बदल मागे घ्यायचा. तेवढ्यात ओपोलोट काही जागा होत नाही, आणि बाकीचे दोघे तर त्याच्याही मागून येतात. असा हिशेब करून किग्गुंडूने फोन कपाटात ठेवला आणि तो तीन तास परीक्षेच्या पहाऱ्यावर गेला.

परत आला तेव्हा आईचे अकरा कॉल येऊन गेले होते. त्याने उलट फोन लावला.

“मथायस, पाऊस कुठंय रे?”

“कसला पाऊस?”

“तुझ्या एन्कुबानं बोंब मारली ना! मी आणि नालोंगोनं धावत सगळी कॉफी आत ओढली. कंबर गेली माझी. आणि आभाळात ढगाचं पिल्लूसुद्धा नाही!”

मग शेजारच्या नालोंगोनेच फोन ओढून घेतला. जुळ्यांची आई म्हणून सगळा गाव तिला नालोंगो म्हणायचा आणि थोडा टरकूनही असायचा.

“मास्तर, सगळी आळी कॉफी घेऊन घरात बसलीय. फादरनी तर चर्चची पोती पार वेदीपर्यंत नेऊन ठेवलीत. आता प्रार्थना कुठं करायची, तेही तुमच्या फोनला विचारा!”

किग्गुंडूने घाईघाईने बदलाचं पान उघडलं. दोन अंगठे मिळाले होते! कुणाचे ते बघायचंही त्याला भान नव्हतं. जगातल्या यच्चयावत अंगठ्यांना शिव्या घालत त्याने दोन मिनिटांत चिन्ह सुलटं केलं आणि दुरुस्ती पाठवली.

तासभर काही हललं नाही, तेव्हा त्याने ओपोलोटला फोन लावला.

“अरे, अंगठा दे ना!”

“नाही बाबा. एवढी शोभा झाली, आता आम्ही वाचायचं ठरवलंय.”

“एकच चिन्ह आहे रे त्यात!”

“मागच्या वेळीही एकच होतं.”

आणि ते खरोखरच वाचायला लागले. एकाने विचारलं, सत्तर टक्केच का, बहात्तर का नाही? दुसऱ्याला इशाऱ्याची भाषा उद्धट वाटली. ओपोलोटने तर चार वर्षांपूर्वीच्या ओळी उकरून काढल्या. दुरुस्ती दोन दिवस लोंबकळत राहिली. तोवर एन्कुबा रणरणत्या उन्हात ‘गुंडाळा’ म्हणून ओरडायचं आणि ढग दाटले की ‘खुशाल पसरा’ म्हणायचं.

पण मसाकाची माणसं काही दुधखुळी नव्हती. मंगळवारी संध्याकाळी नालोंगोने त्याला रस्त्यातच गाठलं.

“मास्तर, जमलं हो! ते गुंडाळा म्हणालं की पसरायची, पसरा म्हणालं की गुंडाळायची. फादरनी कर्ण्यावरून सगळ्यांना सांगितलं. आता झकास चाललंय, हात लावू नका!”

आता दुरुस्ती पास झाली तर सगळा घोटाळा होणार, हे किग्गुंडूच्या ध्यानात आलं. त्याने दुरुस्ती मागे घ्यायची ठरवली, पण घरी पोचेपर्यंत वीज गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही, आणि फोन तर केव्हाच मान टाकून बसला होता. बुधवारी दुपारी तो तास घेत असताना शेवटचा अंगठा पडला. एन्कुबा शहाणं झालं. दक्षिणेकडून काळे ढग आले आणि ते अगदी बरोबर ओरडलं, ‘पाऊस येतोय, ताडपत्री गुंडाळा!’

सगळ्या आळीने हौसेने कॉफी पसरली.

तो चिंब होऊन घरी पोचला तेव्हा आई ओट्यावर बसून होती. अंगणात तिची हंगामभराची कॉफी पाण्यात तरंगत होती.

“इतकी वर्षं बरोबर सांगत होतं,” ती म्हणाली, “तेव्हा मी कधी त्याचं कौतुक केलं नाही. म्हणून रुसलं का रे ते?”

किग्गुंडूला तिच्याकडे बघवेना. पुढचे दोन दिवस शाळा सुटली की तो दाताळं घेऊन आधी घरची आणि मग नालोंगोची कॉफी वरखाली करत होता, आणि नालोंगो खुर्ची टाकून त्याच्या चुका काढत होती. दाणे वाचले, पण पाठीचा काटा ढिला झाला.

शनिवारी अहवाल लिहायचा होता. पाच जणांची रीतच होती, घोटाळा झाला की काय झालं, कुणी पास केलं आणि का, ते सगळ्यांसमोर लिहायचं, कुणाला दोष न देता. किग्गुंडूने पान उघडलं. पहिला अंगठा ओपोलोटचा. तो नेमका त्याच सकाळी जागा झाला होता. दुसरा अंगठा आमोनीचा.

त्याखाली तिने आपला भाग आधीच लिहून ठेवला होता.

‘वडील गेले. दुकान माझ्यावर आलं. सात महिन्यांनी सोमवारी हे पान उघडलं, तर सगळ्यात वर मास्तरचं नाव. ते पाहूनच इतकं बरं वाटलं की मी वाचलंच नाही. चूक माझी आहे.’

किग्गुंडूने ते चार वेळा वाचलं. त्याला एकाच वेळी आनंद झाला आणि स्वतःची शरम वाटली. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. पण बाप गेलेल्या बाईच्या माथी आपलं पाप मारायचं, हे त्याच्याने होईना. त्याने लिहिलं, ‘चूक आमोनीची नाही. चिन्ह मी जाणूनबुजून उलटं केलं. कारण: आपल्यातल्या एका सदस्याची फार उणीव भासत होती.’

अर्ध्या तासात त्या तीन ओळींवर आमोनीचे चौदा शेरे आले. ‘भिजलेल्या कॉफीबद्दल आधी लिही.’ ‘जाणूनबुजून म्हणजे किती वाजता?’ ‘आईची माफी मागितलीस का? मागितली नसशील तर ऊठ.’ तो खरोखर उठला, माफी मागून आला आणि पुढचा शेरा वाचला. चौदावा ‘उणीव’ या शब्दापाशी होता.

‘अस्पष्ट. कोणत्या सदस्याची? नाव लिही.’

त्याने हात शर्टाला पुसले आणि नाव लिहिलं.

‘आता बरोबर,’ तिचं उत्तर आलं. ‘पण चार वर्षं झाली. आधी का नाही लिहिलंस?’

मास्तर त्याचं उत्तर लिहायला बसला, आणि या वेळी त्याने एकही चूक मुद्दाम केली नाही.