न्हाणीच्या फरशीवर हिरव्या काट्याची स्थापना

श्री. शके १८७७, मन्मथनाम संवत्सरी, कार्तिक मासी, चोरखमारा तलावाखालील मुलखात वजनकाट्यावरून जी थोर मोहीम जाहली, तिची हकीकत पुढल्या पिढ्यांस ठाऊक असावी, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले. पदरचे तिखटमीठ घातले नाही. घातले असल्यास चवीपुरतेच.

श्रीमंत झामसिंग पाटील बिसेन यांचे पूर्वज माळव्यातून तलवार बांधोन निघाले, ते वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांधीत उतरले, आणि मग तलवार आढ्यास गेली व विळा हाती आला. पुढे मालगुजारी सरकारजमा जाहली. परंतु पाटलांचा रुबाब आणि पाटलांचे पोट यांस सरकारने हात लाविला नाही. त्यांच्या अर्धांगी मातुश्री राजकुमारीबाई. बाईसाहेब बोलत थोडे आणि पाहत फार.

मोहिमेचे कारण ऐसे की, सूनबाई जमुना यांस पाचवा महिना लागला होता. मागल्या साली त्यांचे अंगात पाणी भरले, ते पाय सुजेपर्यंत कोणास उमगले नाही, आणि पाळणा रिकामा राहिला. तो सल राजकुमारीबाईंचे उरी होता. याकरिता गोंदियाच्या डाक्तरीणबाईंनी फर्मान सोडिले की, सूनबाईंचे वजन दर आठवड्यास घरीच घ्यावे; हळूहळू चढेल ते लेकराचे, एकाएकी तीन-चार रत्तल चढेल ते पाण्याचे; मग सूज दिसो वा न दिसो, त्याच दिवशी गाडी जुंपावी. आणि काटा खोटा असेल, तर न घेतलेला बरा.

मग खासा स्वारी गोंदियास निघाली. जंक्शनाचे फलाटावर वजनाचे यंत्र पहारा देत उभे होते. त्याने एक आणा गिळोन पाटलांस तिकीट दिले. त्यावर वजन पुसट आणि भविष्य ठळक होते: आपण उदार आहात, लवकरच प्रवास घडेल. पाटील बहुत प्रसन्न जाहले.

"टेसनावर उभ्या माणसाले प्रवास घडन म्हणून सांगाले मशीन कायले पाहिजे?" येवढेच बाईसाहेब बोलिल्या, आणि यंत्राचा निकाल लागला.

तेथून बाजारपेठेत ईश्वरदास शेठ यांचे दुकानी मोर्चा लागला. शेठजींनी दोन काटे हुजुरात पेश केले, एक हिरवा आणि एक पांढरा. पाटील हिरव्यावर आरूढ जाहले, तो त्याची सुई बुजलेल्या घोडीसारखी दौडत सुटली.

"हा बेइमान हाय," पाटील गरजले. "मी दोन मणाच्या आतच हावो."

मग पांढऱ्यावर पाऊल ठेविले, तो सुई अदबीने अलीकडेच थांबली.

"हा बराबर सांगते!"

"पाटील साहब, बड़े लोगों की यही पसंद है," शेठजींनी री ओढिली.

राजकुमारीबाईंनी हुकूम केला की, दोन्ही काटे घरी न्यावे, त्यांची परीक्षा व्हावी, आणि हरेल तो पुढल्या बाजारी परत यावा. शेठजींनी उसासा टाकिला आणि तह कबूल केला.

परीक्षेस बाईसाहेबांनी तांदळाची मणाची गोणी सिद्ध केली. गिरणीच्या तराजूवर ती एकवार डाव्या पारड्यात आणि एकवार उजव्या पारड्यात तोलून घेतली, येणेप्रमाणे तराजूचीही जामीनकी जाहली. मणाचे रत्तल ब्याऐंशी. परंतु घरात नवी वस्तू आली की सारवून, चौक काढून, कुंकू लावून तीस बसवावे, हा कुळाचार. त्याप्रमाणे बाईसाहेबांनी देवघरापुढे ताजे सारवून हिरव्यास बसविला. पांढरा पाटलांनी आपल्या तख्तपोसावर, म्हणजे लाकडी आसनावर, आपणाशेजारी घेतला.

मग गोणी चढली. हिरवा बोलिला शहात्तर. पुन्हा चढविली, अठ्ठ्याऐंशी. पुन्हा चढविली, एक्याऐंशी. पांढरा तिन्ही वेळा अठ्ठ्याहत्तर.

"पाहा! एकवचनी!" पाटलांनी मांडीवर थाप मारिली. "चार रत्तलाचा फरक काय मोठा? ध्यानात ठेवला का झालं."

बोलणे खोटे नव्हते. बाईसाहेबांची शिकस्त जाहली, ऐसे सर्वांस वाटले. परंतु बाईसाहेबांनी उठोन पांढऱ्यावर तैसीच तोलिलेली दुसरी मणाची गोणी रचिली. एकशे चौसष्ट यावे, ते एकशे एकोणपन्नासच आले. तेव्हा त्याचे बिंग फुटले की, जितका भार थोर तितकी त्याची खुशामत थोर. आणि जेथे वाढता भार कळण्यावरच दोन जीव अवलंबून, तेथे ऐसा दरबारी काय कामाचा!

मग हिरव्याचा विचार मनी आला. लबाड एकच लबाडी धरून बसतो. हा घडोघडी निराळे बोलतो, तेव्हा दोष जिभेचा नसून पायांचा असावा. त्यांनी हिरवा उचलिला, तो ओल्या सारवणात चार खळगे, आणि एक सर्वांहून खोल. ज्या मानाने त्यास बसविले, त्या मानातच तो रुतला होता.

आता तख्तपोसावर गर्भारशीस चढविणे बरे नव्हे, आणि कठीण, सपाट भुई साऱ्या घरात एकच, न्हाणीतील दगडी फरशी. परंतु तीवर पाटलांचे स्नान होत असे, आणि तेथील अंमल त्यांनी आजवर कोणास दिला नव्हता.

"माह्या फरशीवर? मंग मी आंग कुठं धुवू, तलावात?"

"तलाव मोठा हाय. मावाल तुमी."

सूनबाईंनी पदरात तोंड लपविले. पाटील रागे भरोन पुन्हा काही बोलणार, तो राजकुमारीबाई हळूच म्हणाल्या, "अजी, मागच्या साली पाय सुजेवरी आपल्याले समजलं नाही. यंदा समजलं पाहिजे."

पाटलांनी उठोन आपला पाट आणि आपला गडवा आपल्या हाते बाहेर काढिला, आणि हिरवा फरशीवर गेला. एक गोणी, ब्याऐंशी. दोन गोण्या, एकशे चौसष्ट. पांढरा शेठजींकडे रवाना जाहला.

पुढे माघ मासी एके सकाळी सूनबाई काट्यावर उभ्या राहिल्या, तो आठवड्यात चार रत्तल चढलेले. पायांत तोरड्या सैल फिरत होत्या, सुजेचे नाव नव्हते.

"आत्याबाई, मले काई होऊन नाही राहिलं. काऊन गाडी जुंपता?"

बाईसाहेबांनी गोणी आणविली आणि फरशीवर तोलिली. ब्याऐंशी.

"काटा खरा हाय. ऊठ, पोरी."

त्या दिवशी बैल खासा पाटलांनी जुंपिले, आणि गड्यास हाक मारण्यापुरताही वेळ दवडिला नाही. इस्पितळात डाक्तरीणबाईंनी सूनबाईंस ठेवून घेतले आणि सांगितले की, सूज दिसण्याची वाट पाहिली असती तर उशीर जाहला असता.

मग चैत्रात कन्यारत्न घेऊन स्वारी घरी आली. तिचे वजन घ्यावे, तर ती काट्यावर स्वस्थ राहीना. राजकुमारीबाईंनी हुकूम केला की, कोणी तीस घेऊन उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे, आणि जमेतून जमा वजा करावी. परंतु नात पाटलांचे कवेत होती आणि पाटील ती कोणास देईनात. तेव्हा कार्तिकापासून हिरव्यास टाळिलेले पाटील आपल्याच फरशीवर उभे ठाकले, एकवार नातीसह, आणि एकवार तीस क्षणभर सूनबाईंकडे देऊन. त्यांनी पोट आत ओढिले, श्वास रोखिला. सुई बधली नाही. बाईसाहेबांनी दोन्ही आकडे भर आंगणात ऐकू जातील ऐसे मोठ्याने वाचिले.

नात भरली सहा रत्तल, सूज नाही, रडणे खणखणीत. पाटलांनी तत्काळ फर्मान सोडिले की, बखरीत वजाबाकी लिहावी, जमा लिहू नये. मालकांचा हुकूम शिरसावंद्य, म्हणोन येथे सहाच लिहिले. काटा खरा ठरला, फत्ते जाहली. पाटील अद्याप आंगणात न्हातात.