रिकामा कसा परत द्यायचा

“पैसे घेऊन तारे वाटतात सगळे. एकेकाला पाच-पाच. आणि फसतं कोण, तर आपल्यासारखा साधा माणूस.”

हा आरोप आकाशने नेमका कुणावर केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. समोर मनाली होती, पण ती मेथी निवडत होती आणि तिने आजवर कुणालाही एकसुद्धा तारा दिलेला नव्हता. आकाशच्या हातात फोन होता, फोनमध्ये स्वस्तातल्या छोट्या लॅपटॉपांविषयी लोकांनी लिहिलेली मतं होती, आणि त्यातलं एकही मत प्रामाणिक नाही अशी त्याची आत्ताच खात्री पटली होती. (आकाशची खात्री फार लवकर पटते. सकाळची खात्री संध्याकाळी बदलते, पण पक्केपणात काही फरक पडत नाही.)

लॅपटॉप हवा होता मनालीला. ती बी.एस्सी., बी.एड. उल्हासनगरच्या एका शाळेत तासिकांवर विज्ञान शिकवायची. ते काम सुटलं आणि मग दुसरं मिळालंच नाही. आता पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासला मराठी माध्यमाच्या मुलांना घरबसल्या शिकवणारी माणसं हवी होती. सोमवारी सकाळी डेमो तास घ्यायचा, तिकडून परीक्षक बघणार, पसंत पडला तर नोकरी. मनालीने धडाही ठरवला होता, उष्णतेचं वहन. स्टीलचा एक लांब चमचा, त्याच्या दांड्यावर मेणाने चिकटवलेल्या टाचण्या, टोकाखाली मेणबत्ती. दांडा तापत जाईल तशी एकेक टाचणी खाली पडते. स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभी राहून ती हा तास रोज घेत होती. फ्रिज मन लावून ऐकायचा.

दोघं उल्हासनगरला गेले. कॅम्प एकमधल्या गल्लीत कमलेशचं दुकान होतं. त्याने एक वहीएवढा लॅपटॉप पुढे केला. “नेटबुक बोलते हैं इसको. भाऊ, बजेटमध्ये याच्यासारखा पीस नाही. आत जागा थोडी कमी आहे, पण भाभींना क्लासच घ्यायचाय ना, टकाटक चालेल. आठ दिवस वापरून बघा. नाही जमला तर परत आणा, मी दुसरा देतो. फक्त एक. जसा देतोय तसा पाहिजे. एकदम कोरा.”

सोबत चेनची एक काळी पिशवीही मिळाली. मनालीने ती घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर आकाशने खोका वाचला. खोक्यावर लिहिलं होतं, ‘रोजच्या वापरासाठी उत्तम’.

“रोजच्या म्हणजे कुणाच्या?” आकाश म्हणाला. “कुणाचा रोज धरलाय यांनी?”

“माझा,” मनाली म्हणाली. “दे इकडे.”

“तू एकटी म्हणजे समाज नव्हेस, मनाली.”

इथे खरं तर मनालीने नेटबुक हातातून ओढून घ्यायला हवं होतं. पण लग्नाला दोनच वर्षं झाली होती आणि नवऱ्याचे डोळे असे चमकले की तिला अजून ते बरं वाटायचं. आकाशचं म्हणणं असं की वस्तूची परीक्षा सामान्य माणसांनी करायची. त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. शिरगावातली त्यांची बिल्डिंग सामान्य माणसांनी गच्च भरलेली होती. नेटबुक एकेका घरी जाईल, लोक रोजच्यासारखं वापरतील, मत देतील, आणि आकाश ते मत एकही तारा न छापता जगापुढे मांडेल. (जग म्हणजे आकाशच्या ऑनलाइन पानावर येणारी माणसं. त्यांत आकाशचा मावसभाऊ आणि आकाशच्याच अंबरनाथच्या ऑफिसातला शिपाई धरायचा.)

पहिला मान हिरामणकाकांना. काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झाले होते आणि तेव्हापासून कुठल्याही यंत्राकडे संशयाने बघत. त्यांनी नेटबुक परत आणलं तेव्हा पिशवी जरा फुगलेली होती.

“कसं वाटलं, काका?”

“चांगलं आहे. पण उपाशी आहे रे. आत काहीच नव्हतं. म्हणून मी माझ्या निरोपसमारंभाचं शूटिंग टाकलंय, सगळी भाषणं आहेत. आणि पिशवीत गॅलरीतला कढीपत्ता ठेवलाय.”

“काका, कढीपत्ता कशाला?”

“शेजारचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं?”

आकाशला गहिवरून आलं. या माणसांना कंपन्या फसवतात, असं तो मनालीला दोनदा म्हणाला. मनालीने कढीपत्ता आमटीत टाकला.

मग नेटबुक तळमजल्यावर जनाबाईंकडे गेलं. बिल्डिंग उभी आहे ती जनाबाईंच्याच भातशेतीवर. त्यामुळे जिन्यात कोण चढलं, कोण उतरलं याचा त्या अजूनही राखण केल्यासारखा हिशोब ठेवतात. त्यांनी मत फार विचार करून दिलं.

“मी काय वाचनार त्याच्यात, बाला. पन झाकन गच बसतं. हवा जात नाय.”

“आणि पिशवीत काय आहे, आजी?”

“मूठभर साखर. पुडी केलीय कागदाची. रिकामा डबा देयाचा नसतो, लक्ष्मी जाते.”

मनालीने पुडी बाहेर काढली तेव्हा ती एका कोपऱ्याला सुटलेली होती.

“आकाश, साखर सांडलीय. पिशवी धुवायला हवी. मुंग्या लागतील.”

“मुंग्यांना नेटबुकचं काय काम?”

“उद्या तरी माझ्याकडे राहू दे. मला एकदा सराव करायचाय. त्याच्यावर चित्र कसं दाखवायचं तेही बघितलं नाही मी.”

“तुझ्याकडे तर ते कायमचंच येणार आहे. आपण घरचे. घरच्यांनी थोडं मागे थांबायचं.” (पंगतीत यजमान शेवटी बसतात, त्या न्यायाने हे बरोबरच होतं. फक्त यजमानांच्या वाट्याला कधीकधी नुसता भात येतो.)

असं ते घरोघर फिरलं. कुणी त्यात मुलाचा जावळाचा कार्यक्रम टाकला, कुणी तीर्थयात्रेचे फोटो, कुणी गुड मॉर्निंगची फुलं. बाहेरून पिशवीत शेंगदाणे आले, भाजकं खोबरं आलं, आत आठवणी आल्या. आत जागा संपत आल्याची सूचना यायला लागली, ती आकाशने पाहिलीसुद्धा. पण लोकांनी प्रेमाने ठेवलेलं पुसणार कसं? शिवाय खऱ्या माणसाचं मशीन भरलेलंच असतं, तेव्हा परीक्षाही भरल्या पोटीच व्हायला हवी, असा त्याने सिद्धांत काढला.

शेवटचं घर दुसऱ्या मजल्यावरच्या करिष्माचं. ती शनिवारी नेटबुक घेऊन गेली ती थेट चिखलोलीला, माहेरी. आईला लेकीच्या हळदीचं शूटिंग फोनपेक्षा मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. रविवारी मनालीने आकाशकडे नुसतं पाहिलं. आकाशने करिष्माला फोन लावला. मागे हळदीतला बेंजो वाजत होता आणि करिष्मा म्हणत होती, “दादा, येतेच मी, आत्याबाईपन बघतायत, टेन्शन नको.”

ती सोमवारी सकाळी आली, डेमोच्या थोडी आधी. पिशवीत बेसनाचे लाडू होते.

“आईने दिलेत. रिकामं कसं देऊ?” ती म्हणाली. “आणि दादा, हळद आत टाकून ठेवलीय हां. तुम्हीपन आहात त्याच्यात.”

या वाक्याकडे आकाशने लक्ष द्यायला हवं होतं.

मनाली साडी नेसली होती. टेबलावर मेणबत्ती, चमचा, टाचण्या. तिने पिशवीतून नेटबुक काढलं, बटणांवरचा लाडवाचा चुरा पदराने पुसला आणि बसली. आकाश दाराआड उभा राहिला. तिकडून तीन चेहरे दिसले, मधल्या बाई जरा कडक वाटत होत्या.

आणि मनाली शिकवायला लागली.

आकाशने तिला कधी शिकवताना पाहिलं नव्हतं. फ्रिजने पाहिलं होतं. तिने विचारलं, गरम चहात चमचा ठेवला तर दांड्याला चटका का बसतो, चहा तर वर चढलेला नसतो. तिन्ही चेहरे थोडे पुढे झुकले. पहिली टाचणी पडली. मनाली नुसती थांबली. दुसरी पडली. कडक बाई म्हणाल्या, “वा.” दाराआडून आकाशला वाटलं की आपण हिला आठवडाभर रांगेत उभं केलं, हे काही बरं झालं नाही. वाटलं, पण उशिरा.

तेवढ्यात डावीकडचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तुमच्या कपाळावर काहीतरी… खूप मोठं चालतंय.”

ती मुंगी होती. मनालीच्या कपाळावर नव्हती, कॅमेऱ्याच्या काचेवर होती, त्यामुळे पुण्यात ती झुरळाहून मोठी दिसत होती. तिच्या मागून दुसरी आली. मनालीने बोटाने काच पुसली, सॉरी म्हणाली आणि तास सावरून घेतला. “आता आपण याची आकृती बघू,” ती म्हणाली आणि पडदा तिकडच्यांना दाखवायचं बटण शोधून दाबलं.

करिष्माने झाकण लावलं होतं, पण हळद बंद केली नव्हती. ती मागे तशीच उघडी होती. आकृतीच्या जागी तीच पुढे आली. लाडवाचा एक कण लांब बटणाच्या फटीत रुतून बसला होता, घाईत बोट लागताच ते दाबलेलंच अडकलं आणि हळद सुरू झाली.

बेंजो दणाणला. मांडवात पाऊणएक गाव नाचत होतं, आणि मधोमध, कानांपर्यंत पिवळा, डोक्यावर मटणाची रिकामी परात धरून, आकाश. (हळदीत होणाऱ्या उधळपट्टीवर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाषण करणारा तो हाच. करिष्माच्या हळदीला आपण केवळ निरीक्षणासाठी गेलो होतो, असं त्याने मनालीला सांगितलं होतं.)

मनाली एकेक बटण दाबत होती. आतली जागा तर कधीच भरली होती, तिथे बटणांचं कोण ऐकणार. चित्र गोठलं. आकाशचा एक पाय हवेत, परात तिरकी. आवाज मात्र चालूच राहिला.

“मॅडम,” कडक बाई शांतपणे म्हणाल्या, “हे वहनात येतं की प्रारणात?”

मग तोही आवाज बंद झाला आणि पडदा काळा पडला. टेबलावर तिसरी टाचणी पडली, ती पाहायला कुणी नव्हतं. मनालीने मेणबत्ती फुंकली.

फोनवरून तिने पुन्हा जोडून पाहिलं. तोवर दुसऱ्या कुणाचा तास सुरू झाला होता. दुपारी निरोप आला: शिकवणं आवडलं, पण सध्या घरात शांतता असलेल्या शिक्षकांचा विचार करत आहोत. मनालीने तो एकदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

आकाश नेटबुक घेऊन उल्हासनगरला पळाला. कमलेशने ते काउंटरवर उलटं करून हलकेच आपटलं. साखर पडली, बेसन पडलं, एक वाळलेलं कढीपत्त्याचं पान पडलं आणि मुंग्यांची एक रांग शिस्तीत बाहेर आली.

“भाऊ,” कमलेश म्हणाला, “मी कोरा दिला होता. ये तो आपने टिफिन बना दिया.” त्याने परत घेतलं नाही. मशीनमध्ये दोष नव्हता, आणि हे कमलेशला बोलून दाखवावं लागलं नाही.

आकाश घरी आला तेव्हा काळी पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातलेली होती. चमचा मांडणीत इतर चमच्यांत गेला होता.

“मी पुण्याला फोन करतो,” तो म्हणाला. “सांगतो की चूक माझी.”

“त्यांनी तुला पाहिलंय,” मनाली म्हणाली. “ओळखतील.”

तो टूथब्रश घेऊन नेटबुकच्या बटणांमधली साखर काढत बसला. हिरामणकाकांची भाषणं पुसली, जावळ पुसलं, फुलं पुसली, हळदही पुसली. नेटबुक आता बऱ्यापैकी चालत होतं. रोजच्या वापराला खरंच उत्तम होतं.

तिन्हीसांजेला जनाबाई जिना चढून आल्या. मनालीने परवा त्यांना वाटीभर खीर पाठवली होती, ती वाटी परत द्यायला. वाटीत तांदूळ होते. त्या दारातच टेकल्या आणि आकाशच्या हातातल्या टूथब्रशकडे बघत राहिल्या.

“पास झाला का रे तुजा डबा?”

“झाला, आजी.”

“बरा झाला. सगल्या बिल्डिंगीत फिरला, सगल्यांनी हात लावला.” मग वाटी मनालीकडे देत त्यांनी विचारलं, “तुज्या घरी कंदी आला गो तो?”